न धरलेला उपास

मानपत्राचं पहिलं वाक्य शिवमला एका झटक्यात सुचलं. ‘इंद्रियांच्या उधळत्या अश्वांना वैराग्याचा लगाम घालणारे आपण…’ त्याने ते दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं. एम.ए. मराठी होऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्या पदवीचा गावाला आज पहिल्यांदा उपयोग होत होता.

गाव रिसोडपासून सात किलोमीटरवर. मानपत्र पंजाबरावांना द्यायचं होतं. वय एक्कावन्न. विहिरीखालची दीड एकर जमीन, त्यात वांगी. थोरला भाऊ वारलेला. घरात वहिनी तुळसाबाई आणि हे. लग्न केलेलं नव्हतं. गावाच्या मारुतीला हनुमान जयंतीच्या पहाटे नवा शेंदूर चढतो, आणि तो चढवायचा मान ब्रह्मचाऱ्याचा. पंचवीस वर्षं तो मान पंजाबरावांकडे होता. म्हणून यंदा देवस्थान कमिटीने त्यांचा सत्कार ठरवला होता. मानपत्र काचेच्या फ्रेममध्ये बसवून गाभाऱ्याबाहेरच्या भिंतीवर कायमचं लावायचं, असाही ठराव झाला होता. कमिटीचे अध्यक्ष बबनराव शिवमच्या घरी येऊन म्हणाले होते, “भारी भाषा पायजे बरं. वाचनाऱ्याले समजली नाई तरी चालन.”

शिवम आणि पंजाबराव यांच्या वयात पंचवीस वर्षांचं अंतर होतं, तरी दोस्ती होती. शिवमच्या बापाची भेंडी त्यांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून. दोघांचा माल एकाच टेम्पोत रिसोडच्या बाजारात जायचा. कॉलेजात असताना शिवम टेम्पोत पाठ्यपुस्तकातल्या कविता वाचून दाखवायचा. पंजाबराव ऐकायचे आणि विचारायचे, “मंग भेटली का त्याले ते?” बहुतेक वेळा भेटलेली नसायची. “मंग काय फायदा?” म्हणून ते क्रेटला टेकून डोळे मिटायचे.

मसुदा घेऊन शिवम त्यांच्या मळ्यात गेला. पंजाबराव बांधावर बसून किडकी वांगी निवडून बाजूला टाकत होते. हात न थांबवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“लगाम कोनाले घातला म्हनतं?”

“घोड्यांना. म्हणजे इंद्रियांच्या घोड्यांना, काका.”

“मापाशी घोडेच नव्हते बे.”

शिवम हसला. पंजाबराव हसले नाहीत. त्यांनी एक वांगं उलटंपालटं करून पाहिलं आणि चांगल्यात टाकलं.

“तू लिहिलं ते चांगलं हाय. पन ते माह्यं नाई. लढाई झाली असती त जिंकलो म्हनता आलं असतं.”

मग त्यांनी सांगितलं. कोणाला पूर्वी सांगितल्यासारखं नव्हतं ते. मध्येच थांबत होते, वाक्य अर्धं सोडून देत होते.

सव्वीस वर्षांपूर्वी त्यांची सोयरीक झाली होती. मानोऱ्याकडची मुलगी, भागिरथा. सुपारी फुटली, तारीख निघाली. मुलगी त्यांना आवडली होती. दोनदा भेट झाली, दोन्ही वेळा ती भरभरून बोलली. तिच्या बोलण्यातच त्यांचा जीव रमला. सोबतचे मित्र मात्र भलत्याच गोष्टी बोलून चिडवायचे, आणि त्या गोष्टी ऐकून त्यांना काहीच व्हायचं नाही. आधीही कधी झालं नव्हतं.

“मिशी उशिरा फुटते एखाद्याले. तसंच हेबी फुटन म्हनून वाट पाह्यली मी. अठराव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंत. नाई फुटलं. मंग म्हटलं, त्या पोरीले फसवाचं कायले?”

ते एसटीने एकटेच मानोऱ्याला गेले. भागिरथेला बाजूला बोलावून सांगितलं की लग्न मोडतो. तिने विचारलं, “मी दिसाले वाईट हाय का?” नाही म्हणाले. “मंग दुसरी हाय?” नाही. “मंग हाय तरी काय?”

“याचं उत्तर नव्हतं मापाशी. काय हाय हे सांगाले शब्दच नव्हता. ते माह्या तोंडाकडे पाहात राह्यली. मी परत आलो.”

दोन्ही घरांत भांडण पेटणार होतं. तेव्हा त्यांच्या वडिलांनी तोडगा काढला. तो दिवस शनिवार होता आणि गावी परतल्यावर पंजाबराव मारुतीच्या पारावर जाऊन बसले होते, एवढं वडिलांना पुरलं. त्यांनी मुलीकडे निरोप धाडला : पोरानं मारुतीले शब्द देला हाय, जन्मभर ब्रह्मचारी राहीन म्हणून. मारुतीशी कोण भांडणार? मुलीकडचे गप्प झाले. वर्षाच्या आत भागिरथा कारंज्याला नांदायला गेली. पुढच्या जयंतीला शेंदराचं तबक आपोआप पंजाबरावांच्या हातात आलं.

शिवमला सुचलं ते चुकीचंच सुचलं. “काका, म्हणजे तुम्हाला बायकांऐवजी…”

“तेबी सोताले इचारून पाह्यलं. टीव्ही मीबी पाहतो. मानसाबद्दलबी नाई.”

“मग डॉक्टरला…”

“अकोल्याले एकाले दाखवलं होतं. रक्त तपासलं, सगळं तपासलं. म्हने, काईच कमी नाई, टॉनिक घ्या अन् लगन करा. टॉनिक घेतलं. वजन वाढलं.”

त्यांनी टोपली बाजूला सरकवली.

“उपास त्याचा, ज्याले भूक लागते. मले भूकच लागली नाई, अन् लोक पंचवीस वर्षांपासून माह्या पाया पडून राह्यले. पाया पडतेत त पडतेत, पन जोळ कोनी बसत नाई. जीपमंदी माह्या बाजूले बाई बसत नाई, पाप लागन म्हनते. तो मुन्ना ड्रायव्हर म्हनते, काका, तुमच्या बाजूची सीट म्हंजे देवाले सोडलेली. वावरात मजूर बाया येतेत त मी पूर्वेले, त्या पश्चिमेले. मले बोलाले आवडते बे. कोनी बोलतच नाई.”

शिवमने मसुद्याची घडी केली. ज्या माणसाला तो लहानपणापासून तपस्वी समजत आला, कॉलेजच्या अंकात ज्याच्यावर त्याने दोन पानं लिहिली होती, तो समोर बसून किडकी वांगी मोजल्यासारखा शांतपणे सांगत होता की ते सगळं दुसऱ्याच कोणाचं आहे.

त्या दुपारी त्याने माळवदावर बसून फोनवर शोधलं. काय शोधायचं हेही माहीत नव्हतं, म्हणून सरळ प्रश्नच लिहिला. तासाभरात एक शब्द हाती लागला. तो वाचत गेला. काही माणसांना कोणाहीबद्दल शरीराची ओढ वाटतच नाही. हा आजार नाही. भीती नाही, कुठली जुनी जखम नाही. व्रत तर नाहीच. व्रत ठरवून धरायचं असतं, हे ठरवलेलं नसतं. यातल्या काहींना जोडीदार हवा असतो, माया हवी असते, एका घरात राहायचं असतं. काहींना तेही नको असतं. लांबलांबच्या अनोळखी माणसांनी आपापली हकीकत लिहिली होती, आणि पुष्कळांच्या हकिकतीत तेच होतं : मी वाट पाहिली.

एम.ए.च्या दोन वर्षांत प्रेमावाचून झुरणारी माणसं शिवमला ढिगाने भेटली होती. वाट पाहून पाहून, काही येत नाही म्हणून चुपचाप वांगी लावणारा माणूस एकाही पुस्तकात भेटला नव्हता. की भेटला होता आणि परीक्षेत आपण त्याला विरक्त लिहून दहा मार्क घेतले? हा विचार त्याला बराच वेळ सोडेना.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत, क्रेटांवर बसून त्याने तो शब्द सांगितला. “असेक्शुअल.”

पंजाबरावांनी तो दोनदा म्हणून पाहिला. “अन् मराठीत?”

“अलैंगिक म्हणतात.”

“हा त शाळेच्या पुस्तकात होता. बटाटे, अद्रक. तुकडा लावला का उगवते.”

“हो. तोच शब्द इथंही लावतात.”

“म्हंजे मी अद्रक.” ते इतके मोठ्याने हसले की टेम्पोवाल्याने मागच्या काचेतून वळून पाहिलं. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “किती लोक असतीन असे?”

“नक्की कोणी मोजलं नाही. शंभरात एखादा, असं काही जण म्हणतात.”

पंजाबराव हिशेब करू लागले. ओठ हलत होते. “आपलं गाव अडीच हजाराचं. म्हंजे पंचवीस.” टेम्पो फाट्यावर वळला. ते रस्त्याकडे पाहात होते. “बाकीचे चोवीस कुठं हायेत बे?”

शिवमने क्रेटाची दोरी घट्ट केली.

“मानपत्र बदल,” ते थोड्या वेळाने म्हणाले. “ते भिंतीवर लागलं का मंग झालं. मेल्यावरबी मी तोच. जितेपनी त कोनी जोळ बसनारच नाई.”

“पण काका, खरं सांगितलं तर शेंदराचा मान जाईल.”

शेंदूर हा मान आहे म्हणून त्यांना आवडत नव्हता. पहाटेचं ते काम त्यांना आवडायचं. कोमट तेलात शेंदूर कालवायचा, तळहाताने दगडावर दाबत दाबत पसरायचा, डोळ्यांपाशी आल्यावर एक बोट वापरायचं. वर्षातून एकदा कोणीतरी आपल्याला हात लावू देतं, असं ते एकदा शिवमला म्हणाले होते. तेव्हा शिवमला ती भक्ती वाटली होती.

“गेला त जाऊ दे,” पंजाबराव म्हणाले. पण बाजार येईपर्यंत ते आपल्या तळहाताकडे पाहात होते.

शिवमने नवं मानपत्र लिहिलं. पूर्ण एक रात्र नाही, अर्धी सकाळ पुरली. त्यात घोडे नव्हते. पंजाबरावांनी आपल्या काटेरी वांग्याचं बी गावातल्या एकतीस घरांना दिलं, विहीर आटली त्या वर्षी शेजाऱ्याच्या रोपांना आधी पाणी सोडलं, आणि जयंतीच्या पंगतीला लागणारी वांगी दरवर्षी त्यांच्या मळ्यातून येतात, एवढंच होतं.

बबनरावांनी चष्मा लावून वाचलं. “हे मानपत्र हाय का बाजारभाव? मेन गोष्ट कुठं हाय?”

“कुठली?”

“कुठली म्हनतं! ब्रह्मचर्य. वांगे काय, कोनीबी लावते.”

शिवमला खरं सांगता येत नव्हतं. गोष्ट त्याची नव्हती. बबनरावांनी लाल पेनाने वरच्या बाजूला ‘आजन्म ब्रह्मचारी, इंद्रियजित’ असं लिहिलं, पहिला मसुदाही मागून घेतला आणि दोन्ही जोडून छापायला दिलं. शिवमने मळ्यात जाऊन हे सांगितलं तेव्हा पंजाबराव रोपांना आळी करत होते. “छापू दे,” म्हणाले. “मी पाहतो.”

जयंतीच्या पहाटे मंदिरामागे गोवऱ्यांची रास पेटून खाली बसली होती. तिच्या निखाऱ्यात पुरुषमाणसं कणकेचे रोडगे पुरत होती. बाया ओट्यावर वांगी चिरत, लसूण सोलत बसल्या होत्या. तुळसाबाई त्यांच्यात होत्या. बबनराव शेंदराचं तबक घेऊन आले. पंजाबराव अंघोळ करून, ओल्या केसांनी पायरीपाशी उभे होते. पायरी चढले नाहीत.

“चाल पंजाब, उजाडून राह्यलं.”

“बबनभाऊ, आधी एक सांगाचं हाय. मंग तुमी म्हनसान त चढतो.”

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. तरी रोडगे पुरणारे हात थांबले.

“मी मारुतीले काई शब्द देला नव्हता. ते माह्ये बाबा बोलले होते, माह्यी इज्जत राखाले. मी काई सोडलं नाई. मले बायको-मानसाचं ते पायजेच झालं नाई कधी. जन्मापासून. असे लोक असतेत, त्याले शब्दबी हाय. शिवमनं सांगतला. मंग ज्याचा त्यागच नाई, त्याचा मान मी कसा घेऊ?”

निखाऱ्यात एक रोडगा फुटला.

रोडगे उलटणारा गावातला मुकेश हातात चिमटा घेऊन उभा होता. त्याला राहवलं नाही. “म्हंजे काका, मशीनच बंद?”

दोघं-तिघं फिदीफिदी हसले. शिवम पुढे होणार तोच पंजाबराव म्हणाले, “मशीन चांगली हाय बे, डॉक्टरनं पाह्यली. मालकालेच कुठं जायचं नाई.”

आता सगळेच हसले, आणि ते हसणं वेगळं होतं. मुकेश खाली वाकून राख सारखी करू लागला.

ओट्यावरून तुळसाबाई उठल्या. हातात लसणाची पाकळी तशीच होती. वहिनी रडतील, असं शिवमला वाटलं. त्या रडल्या नाहीत.

“पंचवीस वर्षं!” त्या म्हणाल्या. “पंचवीस वर्षं मी चार वाजता उठून राह्यली. थंड पान्यानं आंघोळ करून तुमचा सैपाक येगळा करून राह्यली. कांदा नाई, लसूण नाई. ब्रह्मचारी मानूस, तामसी खात नसतेत म्हनून! अन् तुमी एका तोंडानं बोलले नाई भाऊजी?”

“तुमी एवढ्या श्रद्धेनं करत होत्या वहिनी.”

“चुलीत गेली श्रद्धा! तुमाले लसूण खायाचा होता का?”

पंजाबरावांनी मान खाली घातली. “होता.”

“घ्या! वावरात लसूण पिकवते, अन् घरात तोंड दाबून बसते!” बायांमध्ये खसखस पिकली. तुळसाबाईंनी पाकळी सुपात आपटली आणि पुन्हा खाली बसल्या. पण जरा वेळाने पदराने डोळे पुसले ते शिवमने पाहिलं. कशासाठी, ते त्याला ठरवता आलं नाही.

बबनराव तबक धरून तसेच उभे होते. एवढ्या वर्षांत कमिटीपुढे असा मुद्दा आला नव्हता. पूर्वेकडे तांबडं फुटत होतं. जन्माची वेळ टळून चालणार नव्हती.

“लगन झालं का तुह्यं?” त्यांनी विचारलं.

“नाई.”

“कोन्या बाईपाशी गेल्ता का?”

“नाई भाऊ. तेच त सांगून राह्यलो.”

“मंग झालं त. नेमात एवढंच हाय. मनात काय होतं अन् काय नव्हतं, हे कमिटी पाहात नसते. मारुती पाहीन.” त्यांनी तबक पुढे केलं. “चढ.”

“चढतो. पन व्रताचा म्हनून नाई. मले हे काम आवडते म्हनून.”

“अबे तुले आवडते म्हनून चढ, मारुतीले आवडते म्हनून चढ, पन चढ!”

“अन् ते फ्रेमीतलं मी घेत नाई.”

बबनरावांचा चेहरा पडला. फ्रेम तयार होती, काच चढली होती, सोनेरी पट्टी होती. ते शिवमकडे असं पाहू लागले जणू हे सगळं त्यानेच घडवलं. “तुह्यं ते बाजारभावाचं हाय का खिशात?”

“आहे.”

“मंग दुपारी तेच वाच.”

पंजाबराव पायऱ्या चढून आत गेले. शिवम दारापाशी उभा राहिला. आत काय चाललं आहे ते तो दरवर्षी पाहात आला होता. तळहात, मग बोट, मग डोळ्यांची कडा. आज त्याने पाहिलं की पंजाबराव काम करताना हळू आवाजात बोलत होते. मंत्र नव्हता तो. वांग्यावर आलेल्या अळीबद्दल काहीतरी होतं.

दुपारी मानपत्र वाचलं. टाळ्या विरळ पडल्या. दरवर्षी पाया पडणारे तिघं-चौघं या वेळी नारळ फोडून सरळ पंगतीत जाऊन बसले. एक म्हातारा शिवमच्या कानाशी म्हणाला, “आमचा येक साधू होता, तोबी तुमी शिकलेल्या पोट्ट्यांनी नेला.” शिवमला ते लागलं, कारण ते सगळं खोटं नव्हतं. सोनेरी पट्टीची फ्रेम बबनरावांनी आपल्या घरी नेऊन उलटी करून ठेवली. भिंतीवरची जागा मोकळी राहिली. पंगतीत पंजाबरावांना वेगळा पाट मांडला नाही. कोणी ठरवून नाही, त्या गडबडीत मांडायचा राहून गेला. ते ओळीत बसले. भाजीची बादली आली तेव्हा त्यांनी दोनदा वाढून घेतली, आणि तिखटाने नाक पुसत खाल्ली.

जयंतीच्या गडबडीत दोन दिवस तोडणी झाली नव्हती. तिसऱ्या दिवशी वांगी झाडावर फुगून बसली होती. शिवम सकाळीच मदतीला गेला. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून हंगामाला आलेल्या चार बाया मजुरीवर होत्या. त्यांतल्या तिघी नेहमीप्रमाणे पश्चिमेच्या टोकाला लागल्या. चौथी, हेमला, जरा वेळ उभी राहिली. मग टोपली उचलून पंजाबरावांच्या शेजारच्या ओळीत आली. पन्नाशीची बाई, तोंडाने फटकळ.

“दादा, गावात आयकलं ते खरं हाय का?”

“काय आयकलं?”

“का तुमी साधू नाई.”

“नाई.”

“बरं झालं. साधूपुढं बोलता येत नाई काई.” ती खाली वाकून तोडायला लागली. चार-पाच झाडं मागे पडली. “मंग दादा, कोनीच आवडलं नाई का तुमाले कधी?”

शिवमचा हात थांबला. पलीकडच्या तिघीही थांबल्या असाव्यात, कारण त्यांच्या बांगड्यांचा आवाज बंद झाला होता.

“आवडली होती की एक,” पंजाबराव म्हणाले. “बोलाले लय भारी होती.”

“काय बोले?”

पंजाबरावांनी टोपली खाली ठेवली. कंबरेवर हात देऊन ते सरळ उभे राहिले.

“त्यायच्या घरी एक म्हैस होती,” त्यांनी सुरुवात केली. “ते म्हैस फक्त तिच्या मावशीलेच पाहून पान्हा सोडे. अन् मावशीचं झालं लगन.”

“अगं बाई,” हेमला म्हणाली. “मंग?”

पश्चिमेच्या टोकाकडून कोणीतरी ओरडलं, “जोरानं सांगा, इकडं आयकू येत नाई!”